दान मिळालेलं घर जाळण्याआधी

पोरा, तुमच्या फायर कंपनीला सरावासाठी कुणीतरी जुनं घर दिलं म्हणे. आज रात्री बूट उशाशी घेऊन झोपशील, माहीत आहे मला! १९८२ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरला अशाच सरावात दोन जवान गेले आणि १९८६ साली अशा सरावांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं एनएफपीए १४०३ हे मानक आलं. ते तुला शिकवतीलच. माझ्याकडून त्यामागच्या सवयी घे.

१. आग लावण्याआधी उजेडात सगळं घर फिर, प्रत्येक दार-खिडकी स्वतः उघडून बघ — धुरात डोळे उपयोगाचे नाहीत, हातापायांना वाट आठवली पाहिजे.

२. वीज-गॅस तोडलाय का, अ‍ॅस्बेस्टॉस काढलंय का, जिना धड आहे का, हे पुन्हा विचारायला लाजू नकोस — सांगून पेटवावं, विचारून शिरावं.

३. जाळायला कोरडा पेंढा आणि साधी लाकडी पॅलेट पुरेत. सोफा, गादी, टायर आधीच बाहेर काढा — फोमची आग कुणाचा अंदाज मानत नाही.

४. अडकलेला माणूस म्हणून पुतळाच ठेवायचा, जिवंत माणूस कधीच नाही — २००१ साली न्यूयॉर्क राज्यात लेअर्ड्सविलला खाली सोफा पेटला आणि वर ते सोंग घेऊन बसलेला १९ वर्षांचा नवा मुलगा गेला. सोंग खोटं, धूर खरा.

५. एका वेळी एकच आग, आणि तीही परतीच्या वाटेवर नको — २००७ साली बाल्टिमोरला एकाच घरात अनेक ठिकाणी आगी लावल्या होत्या. वरच्या मजल्यावर अडकलेली शिकाऊ तरुणी वाचली नाही.

६. पेटवणाऱ्याला एकटं सोडू नका, शेजारी पाणी भरलेला होज धरून कुणीतरी हवंच — काडी ओढली की पहिला धोका त्यालाच.

७. आत जाणाऱ्या होजचं आणि मागे सज्ज ठेवलेल्या होजचं पाणी वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्या — एक पंप रुसला तर दुसरा आतल्यांना बाहेर काढेल.

८. जोडीदाराचा मास्क आणि हूड बोट फिरवून तपास, त्याला तुझा तपासू दे — कानापाशी बोटभर कातडी उघडी राहते, आणि ती ज्याची त्याला दिसत नाही.

९. एका इन्स्ट्रक्टरमागे पाचच शिकाऊ. डोकी मोजून शिरावं, मोजून निघावं — सहावा मागे राहिला तर पटकन कळत नाही.

१०. बाहेर पडण्याचा भोंगा आधी एकदा वाजवायला लाव — मास्क चढवून, पंप चालू असताना तो ओळखू आला पाहिजे.

११. मन खात असेल तर "थांबा" म्हण, वरिष्ठ समोर असले तरी म्हण — त्या घरात वाचवायला कुणी नाही, मग घाई कशासाठी?