ॲपमध्ये आणखी काय घालू?

प्रश्न : मित्राबरोबर आठ महिने खपून किराणा दुकानदारांसाठी उधारीचं ॲप बनवलं. चौदा सोयी आहेत. तरी दुकानदार दोन दिवसांत परत वहीकडे वळतात. आणखी काय घालावं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काही घालू नका. आधी संध्याकाळी सातच्या गर्दीत एखाद्या दुकानात जाऊन बसा. हात तेलकट, समोर पाच गिऱ्हाईकं. दुकानदार वहीत ‘पाटीलकाकू 140’ एवढंच खरडतो आणि पेन परत कानावर. तुमच्या ॲपमध्ये याच नोंदीला किती वेळा बोट लावावं लागतं, मोजा. तुमची स्पर्धा त्या वहीशी आहे. (आणि वहीचं चार्जिंग संपत नाही!)

काही न बांधताही गरज तपासता येते. 1999मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी ऑनलाइन बूटविक्री सुरू केली, तेव्हा गोदाम भरलं नाही. दुकानांतल्या बुटांचे फोटो साइटवर टाकले. ऑर्डर आली की तिथूनच विकत घेऊन पाठवले. त्यात कमाई नव्हती, पण पायात न घालता लोक बूट घेतात, हे कळलं. तीच पुढची ‘झॅपॉस’ कंपनी. 2009मध्ये ती ॲमेझॉनने घेतली.

तुम्हीही महिनाभर तीन दुकानदारांकडून रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो मागवा. नोंदी स्वतः टाइप करा, गिऱ्हाइकांना आठवणीचे मेसेज तुम्हीच पाठवा. वसुली वाढली, तर फोटो न मागता येऊ लागतील. नाही वाढली, तर चौदाही सोयी बाजूला ठेवा. आणि डाउनलोडचे आकडे तूर्त बघू नका. चौथ्या आठवड्यात कोण टिकलंय, तेवढं बघा.