बंद घरातील शेगडी पुन्हा पेटविताना

बंगळूर शहरातील एखादे कुटुंब चार-सहा महिने परगावी राहून परतते आणि गॅसची शेगडी पेटवू पाहते. ज्योत लागत नाही, किंवा लागली तरी पिवळी व धुरकट दिसते. अशा वेळी गॅस शिळा झाला असावा, असा समज होतो. परंतु तो चुकीचा आहे. सिलिंडरमधील इंधन म्हणजे दाबाखाली द्रवरूप झालेले प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण होय. नुसते पडून राहिल्याने ते नासत नाही. बिघडतो तो त्याचा मार्ग आणि हवेचा मार्ग.

प्रथम गळतीचा विचार करावा. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड असल्याने गळलेला वायू जमिनीलगत साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के होताच ठिणगीने स्फोट होऊ शकतो. या वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यांत मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तथापि केवळ नाकावर विसंबू नये. वासाची नाकाला लवकर सवय होते. म्हणून घरात शिरताच विजेचे बटण न दाबता दारेखिडक्या उघडाव्यात.

त्यानंतर रबरी नळी तपासावी. तिला भेगा पडल्या असल्यास किंवा तिच्यावर छापलेली मुदत संपली असल्यास ती बदलावी. सिलिंडरच्या तोंडातील रबरी कडीही सुकलेली नसावी. मग शेगडीच्या चाव्या बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करावा व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास रेग्युलेटर तत्काळ बंद करून वितरकास किंवा १९०६ या क्रमांकावर कळवावे. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

गळती नसूनही ज्योत पिवळी असेल, तर दोष हवेत शोधावा. एक आकारमान प्रोपेन पूर्ण जळण्यास पाच आकारमाने ऑक्सिजन, म्हणजे सुमारे चोवीस आकारमाने हवा लागते. हिचा काही भाग बर्नरच्या नळीतील छिद्रांतून आधीच आत ओढला जातो. बंद घरात कोळी तेथे जाळे विणतो, कुंभारीण मातीचे घर बांधते. हवा अपुरी पडते. मग न जळलेले कार्बनचे कण तापून चमकतात व ज्योत पिवळी होते. भांड्यांच्या बुडाला लागणारी काजळी हेच कण होत. बर्नर थंड असताना तो काढून बारीक ब्रशाने साफ करावा. वायू जेथून सुटतो ते सूक्ष्म छिद्र मात्र तारेने कोरू नये. ते मोठे झाल्यास वायू अधिक सुटून दोष वाढतो.

स्नानगृहातील गॅसच्या गीझरला हाच दोष जडला, तर तो प्राणघातक ठरतो. अपूर्ण ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. सबब, दीर्घकाळ बंद असलेला गीझर जाणकाराकडून तपासल्यावाचून वापरू नये. धूर बाहेर नेणारी व ताजी हवा आत आणणारी वाटही मोकळी असावी.

प्रवासी मोटारगाडीत चूल व पाणी तापविण्याचे यंत्र असल्यास तेथेही हाच क्रम पाळावा. तेथील खोली अधिकच लहान असते. आधी वारा खेळू द्यावा, मग गळती पाहावी, मग हवेची वाट साफ करावी आणि शेवटी काडी ओढावी. निळी व स्थिर ज्योत दिसली, म्हणजे इंधन व हवा यांचा मेळ बसला असे समजावे.