स्थौल्य-शस्त्रकर्मानंतर फलरस : एक सावधानता

स्थौल्यावरील शस्त्रकर्म झालेले रुग्ण आता पथ्य विचारण्यास आपल्याकडेही येतात. ‘लघु आहार’ म्हणून त्यांना मोसंबी-संत्र्याचा रस सुचविणे आम्हांस चिंत्य वाटते. गॅस्ट्रिक बायपासनंतर आमाशयाचा सुमारे ३० मि.लि.चा कप्पाच वापरात राहतो व त्यातील अन्न थेट लघ्वंत्रात उतरते. ज्यूसरने चोथा काढला की शर्करेचा वेग आवरणारे काही उरत नाही. संत्र्याच्या पेलाभर, म्हणजे २४० मि.लि. रसात ती सुमारे २० ग्रॅम असते. परिणामी १० ते ३० मिनिटांत उदरशूल, हृद्द्रव, अतिसार. अथवा १ ते ३ तासांनी रक्तशर्करा घसरून स्वेद, कंप, भ्रम. हा दुसरा प्रकार केवळ वातज समजू नये. रुग्ण शुद्धीवर असल्यास तत्काळ थोडी शर्करा द्यावी व शस्त्रवैद्यांकडे पाठवावे.

घन आहारास अनुमती मिळाल्यावर फळ चोथ्यासह, अल्प प्रमाणात, चावून, डाळ-पनीरासारख्या प्रथिनयुक्त आहारानंतर घ्यावे.

आणि आपली औषधे? च्यवनप्राशात शर्करा, आसवारिष्टांत गूळ व शिवाय मद्यांश, जो बायपासनंतर अधिक शीघ्र शोषला जातो. मध-गुळाच्या अनुपानाचेही तेच. अशा रुग्णांत आम्ही कोमट पाण्यासह चूर्ण देणे पसंत करतो, तेही शस्त्रवैद्यांस कळवून.