बेचकी, खडा आणि आपला प्रोजेक्ट

प्रत्येक डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये एक कपाट असतं. त्यात मागच्या बॅचेसचे प्रोजेक्ट धूळ खात पडलेले असतात. व्हायवाच्या दिवशी ते चालले, एक्स्टर्नलने मान डोलावली, मार्क मिळाले. पुढे काय? काहीच नाही! हे दुखणं फक्त आपलंच आहे असं मात्र नाही. ब्रिटनलाही ते होतं, आणि त्यावरचा त्यांचा उपाय मला अभ्यासण्यासारखा वाटला.

आधी थोडी थिअरी. तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजण्यासाठी नासाची १ ते ९ पायऱ्यांची पट्टी वापरतात. १ म्हणजे मूळ तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापर. कॉलेजातलं संशोधन बहुधा ३-४ पर्यंत पोचतं. कंपन्या ७ च्या आसपास पैसा घालतात. मधल्या पायऱ्यांना वाली कोणीच नाही, म्हणून त्यांना 'मृत्यूची दरी' म्हणतात.

जर्मनीत ही दरी ओलांडायला १९४९ साली स्थापन झालेली फ्राउनहोफर संस्था आहे. एकॉर्न कॉम्प्युटर्सचे एक संस्थापक हर्मन हाउझर यांनी २०१० साली ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, की आपल्याकडेही असं काही हवं. त्यातून २०११ पासून 'कॅटापल्ट' केंद्रं सुरू झाली. कॅटापल्ट म्हणजे आपली बेचकी! खडा कंपनीचा, रबर सरकारचं. त्यांपैकी 'डिजिटल कॅटापल्ट' हे लंडनमधलं केंद्र नव्या डिजिटल तंत्रज्ञानासाठी आहे.

ते नेमकं करतं काय? समजा, चार जणांच्या कंपनीने कचराकुंडी भरली की कळवणारा सेन्सर बनवला. त्याला दिवसातून दोन-चार बाइट पाठवायचे आहेत, पण बॅटरी काही वर्षं टिकायला हवी. यासाठी लोरावॅन उत्तम: वेग अगदी कमी, पण पल्ला काही किलोमीटरचा. आता गल्लीबोळात, तळघरात सिग्नल मिळतो का, हे पाहायला शहरभर बेस स्टेशन कोण उभारणार? डिजिटल कॅटापल्टने २०१६ साली 'थिंग्ज कनेक्टेड' नावाने लंडनमध्ये असं जाळं सुरू केलं आणि ते छोट्या कंपन्यांना प्रयोगासाठी खुलं केलं. पुढे ब्रायटनमध्ये फाइव्ह-जीचा टेस्टबेड झाला. 'मशीन इंटेलिजन्स गॅरेज'मधून मशीन लर्निंगच्या नवख्या कंपन्यांना महागडी कॉम्प्युटिंग पॉवर आणि जाणकारांचा सल्ला मिळू लागला.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. असं केंद्र यशाची हमी देत नाही, ते अपयश स्वस्त करतं. मोठ्या कंपनीचा एक प्रयोग फसला तर ती दुसरा करते. छोटीचा फसला तर शटर खाली!

अर्थात सगळं गोडगोड नाही. केंद्राचा एक-तृतीयांश पैसा सरकारी अनुदानातून, एक-तृतीयांश स्पर्धेतून मिळवलेल्या संशोधन प्रकल्पांतून आणि उरलेला उद्योगांकडून यावा, असं सूत्र ठरलं होतं. २०१७ साली अर्न्स्ट अँड यंगने सरकारसाठी केलेल्या आढाव्यात या कॅटापल्ट केंद्रांवर बरीच टीका झाली. जनतेचा पैसा आहे म्हटल्यावर हिशोब मागणारच, आणि मागायलाच हवा.

आपल्याकडेही पुण्याची सी-फोर-आय-फोर लॅब केंद्राच्या 'समर्थ उद्योग' योजनेखाली कारखान्यांना इंडस्ट्री ४.० कडे नेण्याचं काम करते. पण सगळं सरकारवर का सोडायचं? यंदा प्रोजेक्टचा विषय घेताना तीन प्रश्न विचारून बघा. हे नेमकं कोण वापरणार? लॅबबाहेर ते कुठे तपासता येईल? फसलं तर किती रुपयांत कळेल? हॉस्टेलच्या मेसची पाण्याची टाकी, एमआयडीसीतलं ओळखीचं वर्कशॉप, गावाकडची मोटर, हेच आपले टेस्टबेड. सरांनीही व्हायवात 'चाललं का?' याबरोबर 'कुठे चालवून पाहिलं?' असं विचारलं, तर त्या कपाटातली गर्दी नक्की कमी होईल.