रंगाचा पहिला हात

नव्या गावात आपण पाऊल टाकतो, तेव्हा माणसांच्याही आधी आपल्याशी बोलतात त्या तेथील पाट्या. शाळा कोठे, दवाखाना कोठे, हे त्याच सांगतात. त्यांवरील अक्षरे आपण वाचतो. परंतु ती अक्षरे ज्या जमिनीवर उभी असतात, त्या जमिनीच्या रंगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कोल्हापुरात आमच्या शेजारी एका वृद्ध रंगाऱ्याचे दुकान होते. सर्वजण त्यांना अण्णा म्हणत. एकदा एका शाळेची पत्र्याची पाटी त्यांच्याकडे आली. जमिनीचा निळा रंग देण्याचे काम त्यांनी शिकाऊ मुलावर सोपवले. त्याने रोलरने पहिला हात दिला आणि सायंकाळी रोलर तसाच टाकून तो घरी गेला. सकाळी पाहतो तो रोलर कडक झालेला! त्याने तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून कसाबसा मऊ केला आणि दुसरा हात दिला. साऱ्या पाटीवर रंगाचे कण व रोलरची तुटलेली लव चिकटली.

“अण्णा, हा रोलरच वाईट आहे,” मुलगा म्हणाला.

“बाळ, नाचता येईना अंगण वाकडे!” अण्णा शांतपणे म्हणाले. “काल सायंकाळी तू त्याला विसरलास, आज तो तुला विसरला.”

रंग वाळेपर्यंत थांबणे, पॉलिश पेपरने पत्रा घासणे आणि पुन्हा रंगवणे, यांत दोन दिवस गेले. पाटी ठरल्या दिवशी शाळेवर लागली नाही. मजुरी बुडाली, त्याहून अधिक बोचला तो मोडलेला शब्द.

त्या दिवशी अण्णांनी त्याला रोलरची ओळख करून दिली. गुळगुळीत पत्र्याला वा लाकडाला आखूड लवीचा, सुमारे ४ ते ६ मिलिमीटर लवीचा रोलर घ्यावा. खडबडीत भिंतीला लांब लवीचा, कारण ती लव खाचाखळग्यांत रंग पोहोचवते. स्पंजाचा रोलर जोराने फिरवल्यास रंगात बुडबुडे येतात. नव्या रोलरची सुटी लव चिकटपट्टीने आधी काढून टाकावी.

काम संपताच रोलर जुन्या कागदावर फिरवून उरलेला रंग काढावा. तेलरंग असेल तर तो टर्पेंटाइनने व नंतर साबणाच्या पाण्याने धुवावा. पाण्यात कालवलेल्या रंगाला पाणी पुरते. मग लव दबणार नाही अशा बेताने रोलर टांगून वाळवावा. वापरलेले टर्पेंटाइन गटारात ओतू नये. झाकणाच्या डब्यात ठेवल्यास रंग तळाशी बसतो व वरचे निवळ टर्पेंटाइन पुन्हा कामी येते. मात्र ते विस्तवापासून दूर ठेवावे, कारण ते चटकन पेटते.

आज यंत्रावर छापलेले फलक सर्वत्र दिसतात. तरीही भिंतींवर हाताने लिहिलेली अक्षरे नाहीशी झालेली नाहीत. पुढे त्या मुलाच्या हातची अक्षरे पाहून लोक वाहवा करीत. तो मात्र दिवस मावळला की आधी रोलर धुई आणि मगच स्वतःचे हात.

स्वाध्याय

१. पाटी वेळेवर का लागली नाही?
२. “आज तो तुला विसरला” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुम्ही रोज वापरता अशा एका साधनाची निगा कशी राखाल, ते आठ ओळींत लिहा.