मलिक-उत्-तुज्जार महमूद गवान : चरित्र व चारित्र्य

कामानिमित्त बीदरास जाणाऱ्या आपल्या भालकी-औरादकडील बांधवांनी तेथील मदरशाची भग्न वास्तू पाहिली नाही, असे सहसा घडत नाही. परंतु ती उभारणारा पुरुष मूळचा आपल्याच पेशाचा, म्हणजे व्यापारी होता, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. म्हणून त्याच्या चरित्राचा थोडा अभ्यास करण्याचे आम्ही योजिले आहे.

ख्वाजा महमूद गवान हा इराणातील गिलान प्रांतचा. चाळिशी उलटल्यावर, १४५३ च्या सुमारास, तो दाभोळ बंदरी उतरला. बीदरास माल विकावा, साधुपुरुषांच्या भेटी घ्याव्या आणि दिल्लीस जावे, एवढाच त्याचा मानस होता. दिल्ली दूरच राहिली. बहामनी दरबाराने त्याचे गुण ओळखले. हुमायून सुलतानाने त्यास ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा किताब दिला आणि पुढे राजे अल्पवयी असता राजमातेच्या मसलतीत बसून त्याने राज्य सांभाळले.

त्या काळी या मुलखात व्यापार केवढा होता, याची साक्ष अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने लिहून ठेविली आहे. चौलास उतरून जुन्नरमार्गे तो घोडा विकावयास बीदरास आला होता. आपल्या गुलबर्गा जिल्ह्यातील आळंद येथे वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरे व त्यात वीस हजारांपर्यंत घोडे येत, असे तो सांगतो. सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातील रयत मात्र दैन्यात आहे, हेही तो लिहिण्यास विसरला नाही.

या स्थितीवर गवानने हिशेबी माणसाचा उपाय योजिला. राज्याचे चार मोठे सुभे होते. त्यांचे त्याने आठ केले. जमिनीची मोजणी करविली. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्लेदार सुलतानाने नेमावे, असे ठरविले. आणि जितके सैनिक हजर तितकाच पैसा, असा दंडक घातला. सरदारांस हे रुचणार कसे? दक्खनी आणि परदेशी या दोन तटांत पदे सारखी वाटण्याचा त्याचा यत्नही दोघांना अपुराच वाटला.

गणित व वैद्यक यांत त्याची गती होती. बेळगावच्या वेढ्यात सुरुंगाची दारू वापरून त्याने तट उडविला. १४७२ साली पुरा झालेला तीन मजली मदरसा व तेथील सुमारे तीन हजार ग्रंथ हे त्याचे खरे धन. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग ढासळला. उरलेल्या मनोऱ्यावरील निळी-हिरवी कौले अद्याप दिसतात.

आम्हांस विशेष मोलाचे वाटते ते त्याचे खासगी खाते. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, स्वदेशाहून आणिलेल्या चाळीस हजार लारी नाण्यांच्या भांडवलावर तो वजीर झाल्यावरही व्यापार करीत राहिला. त्या नफ्यातून स्वतःचा साधा खर्च चाले व बाकी गोरगरिबांस जाई. दौलतीचा पैसा या खात्यात मिसळत नसे.

एवढ्या दक्ष पुरुषाचा घात व्हावा तो शिक्क्यावरून! शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्यास वश करून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजास निमंत्रणाचे बनावट पत्र लिहिले. सही-शिक्क्याचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस या कृत्याचे स्वरूप उलगडून सांगावयास नको. मद्यधुंद सुलतानाने विचारले तेव्हा, शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही, एवढेच गवान बोलला. चौकशी झाली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. वय सत्तरीच्या घरात होते.

मागाहून खजिना तपासला, तेव्हा अपेक्षिलेली संपत्ती निघालीच नाही. सुलतान पश्चात्तापाने खचला व वर्षभरातच मरण पावला. पुढे त्या राज्याची पाच शकले झाली. गवानची कबर बीदरजवळ गोरनळ्ळीच्या शिवारात आहे; तीवर मदरशासारखे काहीच बांधलेले नाही.