पाड्यावर उलगडलेला विश्वासांगीकार

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर मी बायबलचे वर्ग घेते. जन्म ख्रिस्ती घरातला, त्यामुळे विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारं ठरावीक निवेदन, शाळेत जाण्याआधीच तोंडपाठ होता. त्यातला एकेक शब्द उलगडला तो मात्र इथे, कारण इथल्या बाया पाठ केलेल्या उत्तरावर समाधान मानत नाहीत. त्यांच्यामुळे जे कळलं ते लिहिते.

१. त्रैक्य समजावताना पाण्याचा दाखला देऊ नये.
पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे आमच्या श्रद्धेचं मूळ. ते सांगायला पाणी, बर्फ आणि वाफ सर्रास वापरली जातात. मी ते सोडून दिलं. त्यात एकच पाणी पाळीपाळीने तीन रूपं घेतं. मग येशू बापाची प्रार्थना करतो, ती काय स्वतःच्याच दुसऱ्या रूपाची? याच्या उलट टोकाची चूकही जुनी आहे. पुत्र हा देवाने निर्माण केलेला, असं आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने ते नाकारलं आणि पुत्र पित्यासारखाच खरा देव आहे असं ठरवलं. मी आधी यार्देन नदीतला बाप्तिस्मा सांगते. पुत्र पाण्यात उभा, बापाची वाणी वरून, आत्मा कबुतरासारखा उतरतो. गूढ संपत नाही, पण तिघांमधलं प्रेम ऐकणाऱ्याला दिसतं.

२. पिलाताचं नाव गाळू नये.
प्रेषितांच्या विश्वासांगीकारात येशूखेरीज दोनच माणसांची नावं येतात, मरीया आणि पंतय पिलात. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमी सुभेदार होता. त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाला सापडला. एका ठरावीक देशात, एका अधिकाऱ्याच्या हुकमाने येशूचं मरण घडलं.

३. कृपा सर्वांत आधी कळते ती कर्जात बुडालेल्याला.
दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडायची असते. हिशेब मालकाच्या वहीत. हंगाम संपतो तेव्हाही पुष्कळदा काहीतरी बाकी निघतेच, आणि पुढच्या साली पुन्हा त्याच भट्टीवर जावं लागतं. देवापुढे माणसाचं पाप असंच न फिटणारं आहे आणि ख्रिस्ताने ते स्वतःचा जीव देऊन फेडलं, असं मी सांगते तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, मग आम्ही बदल्यात काय द्यायचं? काही नाही, हीच कृपा. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा गाभा हाच आहे. चांगलं वागायचं ते सुटका झाल्याच्या आनंदाने. वागून सुटका विकत घेता येत नाही.

म्हणून प्रार्थनेसाठी पैसे मागणाऱ्याला मी दारातच अडवते. आणि ज्याला ऋणमुक्तीची सुवार्ता सांगायची, त्याला उचलीत अडकलेलं सोडून आपण घरी यायचं, हेही मला पटत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे आणि त्या कायद्याने असलं कर्जही रद्द ठरतं. बायबल मिटून प्रांताधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहायला बसणं हा मी उपासनेचाच भाग मानते.

४. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही.
आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाचं पत्र सांगतं. आम्ही ती करतो. पण शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो, हेही मी वाचून दाखवते. साप चावला तर आधी सरकारी दवाखाना. क्षयाच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं नाही म्हणजे तुझा विश्वास कमी पडला, असं कोणी म्हणालं की माझा संताप होतो. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली होती. तो टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

५. पुनरुत्थानाची पहिली साक्ष बायकांची.
त्या काळात बाईच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. तरी चारही शुभवर्तमानं रिकाम्या कबरेपाशी आधी बायकाच पोहोचल्याचं सांगतात. हे ऐकल्यावर मागे बसणाऱ्या बाया पुढे सरकतात.

६. कोणालाही घाई करू नये.
नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना स्वतःच्या मनाने तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि तो सारा झगडा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणी लिहून ठेवला. नवऱ्याच्या मागे गेलेली श्रद्धा त्यांना नको होती. तांदूळ, पैसा किंवा शाळेची फी दाखवून मिळवलेला होकार मलाही नको. ऐकून, वाचून कोणी आपल्या जुन्याच देवाकडे परत गेलं तरी त्याच्या घरचा चहा मी पूर्वीसारखाच पिते.

ख्रिस्ती माणसं नेमकं काय मानतात हे जाणून घ्यायचं असेल, तर आमच्याविषयीच्या ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत लहान आहे, अवघे १६ अध्याय. एका दुपारी वाचून होतं. ते वाचा आणि मग आम्हाला हवे ते प्रश्न विचारा.